दोन तास बारा मिनिटं

महात्मा गांधी रोडवरच्या झामनदासने
काडेपेटीएवढा प्लेअर माझ्या तळहातावर ठेवला
आणि विचारलं, "ताई, आवाज पाहिजे का वेळ?"
दोनशे छप्पन्न एमबी. साल दोन हजार सहा.
उत्तमवर ठेवला तर दोन तास बारा मिनिटं,
साध्यावर ठेवला तर साडेसतरा तास.
आणि मधलं?
त्याच्या मालात मधलं येत नसे.

घरी येऊन आतली गाणी पुसली,
आधी नावडती, मग बरी, मग आवडती,
आणि तांबट लेनमध्ये गेले.
त्र्यंबककाका वडनेऱ्यांचं दुकान म्हणजे
उंबऱ्याच्या आत एक ऐरण, एक गोणपाट,
भिंतीला टेकलेली अर्धवट घंगाळं.

पहिला दिवस उत्तमचा.
काका मठारत होते. ठोका पडला
की त्याच्या मागून तांब्याची एक बारीक शेपूट निघे,
ती संपायच्या आत दुसरा ठोका.
हेडफोनमधून ती थेट दातांत उतरली.
मग काका थांबले, हातोडा उलटा धरला, म्हणाले,
"हा वडिलांचा नव्हे बरं का.
ह्याची गोष्ट निराळी आहे. तो"
आणि लाल दिवा विझला.

गोष्ट मी ऐकली, चहाबरोबर, पूर्ण.
पण आता ती मला माझ्या शब्दांत आठवते.

मग ते सगळं कॉम्प्युटरवर उतरवलं आणि साधं लावलं.
सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, दोन दिवस.
सगळं आलं.
देवळालीच्या तोफांचा सराव, त्यावर थरथरलेली काच,
भांडी बाजाराकडे निघालेल्या हातगाडीवाल्याची शिवी,
सूनबाई शैलजाचं "मामंजी, गोळी", तीनदा,
तिसऱ्यांदा जरा चिडून.
ठोके तेवढे गेले.
शेपट्या कापलेल्या, तांब्याचा पत्रा झालेला,
जणू कोणी गोदावरीच्या तळाशी बसून
घागर बडवतंय.

लाज वाटली. तरी काकांना ऐकवलं.
साठ वर्षं ठोक्यांत गेलेले कान ते,
फोनची रिंग येत नाही त्यांना,
शैलजाचं बोलणं ओठांवरून कळतं.
एक बोंडूक कानात, डोळे मिटलेले.
मी माफीचं वाक्य जुळवत होते
तेवढ्यात त्यांचा हात वर झाला.
"इथं. इथं हात घसरला माझा.
ते मोठं घंगाळ काढ बघू."
काढलं. त्यांनी माझं बोट धरून बुडावरून फिरवलं.
एक खळगा, तिळाएवढा.

आणि दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला
सतरा मिनिटं काहीच नाही.
काका भिंतीला टेकून नुसते बसलेत.
यंत्राला ठोका काय, शांतता काय,
दोन्हीला ते तेवढीच जागा देतं.
उत्तमवर असते तर मी बटण दाबलं असतं,
जागा वाचवायला.

झामनदासला सांगितलं, तर म्हणे,
"मग! वेळच घ्या, मी म्हटलंच होतं."
म्हटलं नव्हतं त्याने.

आता माझ्या फोनात हजारपट जागा आहे
आणि काका पाथर्डी फाट्याला, तिसऱ्या मजल्यावर.
हातोडा सोबत नेलाय.
एकदा वाटीवर चालवून पाहिला,
खालच्या बिऱ्हाडाने सोसायटीत तक्रार केली.

साडेसतरा तासांत ती गोष्ट पुन्हा कुठेच नाही.
मी शोधली, तुकड्या-तुकड्याने, दोन हिवाळे.
मग पहिली फाईल लावते, अगदी शेवटाकडची,
जिथे काकांचा श्वाससुद्धा स्वच्छ आहे,
जिथे हातोडा उलटा होताना
दांड्यावरून सरकणारी बोटं ऐकू येतात,
आणि ते म्हणतात, ह्याची गोष्ट निराळी आहे,
तो